विहिरीच्या ओट्यावरचं इंजिन

मॉडेल विमानाचं नवं इंजिन आधी विमानावर चढवायचं नाही, हे मी आमच्या मंद्रूपच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. बाल्साचं विमान चार बोटांनी उचलता येतं. त्याच्या नाकावर मिनिटाला बारा हजार फेरे घेणारं इंजिन पहिल्यांदाच सुरू केलं, तर ही थरथर इंजिनाची, सैल सुटलेल्या सांध्याची, की टाकीत फेसाळलेल्या इंधनाची, काहीच उमगत नाही. म्हणून इंजिन आधी न हलणाऱ्या गोष्टीला जखडायचं, त्याचा स्वभाव ओळखायचा आणि मग उडवायचं बघायचं. त्यासाठी टेस्ट स्टँड लागतो.

मी हे कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये शिकलो. तिथं दोरीवर गोल फिरणारी कंट्रोल लाइन विमानं असायची आणि त्यांना छोटी डिझेल इंजिनं. गावी परतून शाळेत लागल्यावर सुट्टीच्या दिवशी चार पोरं गोळा करून तेच पुन्हा सुरू केलं. आज आमच्याकडे दोन इंजिनं आहेत: एक अडीच सीसीचं जुनं डिझेल आणि एक साडेसात सीसीचं ग्लो इंजिन, ज्याला या छंदातले लोक ‘छेचाळीस’ म्हणतात.

तयार स्टँड विकत मिळतात. ॲल्युमिनियमचे दोन जबडे, मध्ये इंजिन, स्क्रू आवळला की झालं. एका मित्राकडचा तसला स्टँड आम्ही वापरून पाहिला. लहान इंजिनाला तो पुरतो. पण एकच सिलिंडर असलेलं इंजिन कितीही चांगलं असलं तरी त्याचा हादरा पूर्ण तोलता येत नाही, आणि त्या हादऱ्यानं जबड्याचा स्क्रू हळूहळू ढिला होतो. दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. जबडे इंजिनाला दोन बाजूंनी दाबतात. इंजिनाचे बोल्टसाठीचे कान खालच्या आधारावर सपाट बसून बोल्टनं धरले जावेत, अंगावर दाब येऊ नये. इंजिनाची बाहेरची केस जराशी जरी पिळली तरी आतली बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत. नव्या इंजिनाची पहिली दहा-पंधरा मिनिटंच त्याचं आयुष्य ठरवतात, आणि ती पिळलेल्या अंगानं जावीत हे मला पटेना.

मग जड काहीतरी शोधू लागलो, आणि ते आमच्या मळ्यातच होतं. विहिरीच्या कडेला काँक्रीटचा ओटा आहे. वडिलांच्या काळी त्यावर किर्लोस्करचं डिझेल इंजिन बसलेलं असायचं. वीज आली, मोटर आली, इंजिन गेलं. ओटा आणि त्यातून वर आलेले चार जाड बोल्ट राहिले. सोलापूर-विजापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या मळ्यांतून असे ओटे अजून दिसतात. काहींवर कडबा रचलेला असतो. शेकडो किलोंचं इंजिन वर्षानुवर्षं ज्यानं पेललं, त्याला साडेसात सीसी म्हणजे काहीच नाही.

ओट्यावर लाकडी बैठक करायची होती. गावात बैलगाड्या करणारे एक वयस्कर सुतार आहेत. त्यांनी बाभूळ काढली तेव्हा मीच विचारलं, सागवान नको का?

“सागवान दाराला घ्या सर. हिथं हादरा खायचाय न्हवं? मग बाभळच पायजे,” ते म्हणाले. “पर इमानाला येवढं जड कशापायी?”

विमानाला नाही मामा, इंजिनाच्या बैठकीला, असं सांगितल्यावर त्यांनी इंजिन हातात घेतलं, पंखा बोटानं हळू फिरवून पाहिला आणि दाब लागला तसा मागं घेतला. त्यांना ते लगेच कळलं. दोन समांतर पट्ट्या, मध्ये केस उतरेल एवढी फट, आणि दोन्ही पट्ट्यांची वरची बाजू एका पातळीत. रंधा मारून झाल्यावर त्यांनी गुण्या आडवा ठेवून उजेडाकडे धरला. खालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. मी मिलिमीटरच्या भाषेत बोलत होतो आणि ते उजेडाच्या, आणि त्यांचं माप माझ्यापेक्षा बारीक होतं.

दोन्ही इंजिनं एकाच बैठकीवर बसावीत म्हणून पट्ट्यांना आतून खोबण पाडली. प्रत्येक इंजिन आपल्या जाड प्लायच्या तुकड्यावर कायमचं बसवलेलं असतं. तो तुकडा खोबणीत सरकवायचा आणि बोल्ट आवळायचे. बोल्टना नायलॉक नट, साधे नाहीत. सगळ्या लाकडाला इपॉक्सीचा हात दिला, कारण तेल मुरलं की लाकूड मऊ पडतं.

टाकीवर मात्र आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि कुणी स्टँड करणार असेल तर त्यानंही तो द्यावा. टाकीची मध्यरेषा नीडलच्या, म्हणजे इंजिनाला जाणारं इंधन कमीजास्त करणाऱ्या सुईच्या, पातळीत किंवा तिच्या किंचित खाली हवी. वर गेली तर इंधन आपसूक वाहून इंजिनाला बुडवतं. फार खाली गेली तर टाकी अर्धी झाली की इंजिन उपाशी पडतं. म्हणून टाकीच्या फळीला उभ्या खाचा ठेवल्या, वरखाली करता येते. आणि ती फळी इंजिनाच्या पट्ट्यांना अजिबात जोडलेली नाही. ती वेगळ्या पायावर, वर स्पंज, स्पंजावर टाकी. हादऱ्यानं इंधनाचा फेस झाला की नळीतून हवेचे बुडबुडे जातात, आणि माणूस उगाच नीडल फिरवत बसतो.

इंधनाचं थोडक्यात. डिझेल इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समसमान. त्याच्या वासानं आमच्या घरात सगळ्यांना दवाखाना आठवतो. ग्लो इंजिनाला मेथॅनॉल आणि सुमारे पाचवा हिस्सा तेल. मेथॅनॉल हे विष आहे, त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ते मुलांच्या हाती मी देत नाही. तेलात एरंडेल हवंच असा माझा आग्रह आहे. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांनाही एरंडेलच घालत. इंजिन चुकून लीन होऊन, म्हणजे इंधन कमी पडून, तापलं तर दुसरी तेलं जळून जातात, एरंडेल धातूला चिकटून राहतं. मागाहून तपकिरी थर खरवडावा लागतो, तो खुशाल खरवडावा.

फेरे मोजायला आमच्याकडे प्रकाशावर चालणारा छोटा टॅकोमीटर आहे. तो खरा की खोटा हे पोरांनी वर्गातच तपासलं. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला सहा हजार. टॅकोमीटर दोन पात्यांच्या पंख्यावर ठेवला असेल तर त्यानं निम्मे, ३००० दाखवायला हवेत. आकडा आला तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मग अमेरिकेत ३६०० येतील, तिथं साठ हर्ट्झ असतं.” त्या वाक्यासाठी मी सगळा स्टँड पुन्हा बांधायला तयार आहे.

इंजिन लागलं की ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं विहिरीवरच्या इंजिनांत गेली असे एक मिस्त्री शेजारच्या वस्तीवरून येऊन बसतात. त्यांची इंजिनं हजार-पंधराशे फेऱ्यांची, आमचं बारा हजारांचं. तरीही आवाज चढून तारेसारखा ताणला की टॅकोमीटर बघण्याआधी ते म्हणतात, “भुकेलंय ते, पाजा.” मी नीडल थोडी उघडतो. पोरांना त्याचीच दुसरी परीक्षा शिकवली आहे: इंधनाची नळी क्षणभर चिमटायची. आवाज किंचित चढला तर मिश्रण बरोबर. चिमटताच बसला तर इंजिन आधीच उपाशी आहे.

पंखा एकच ठेवला तर आकड्यांना अर्थ येतो. त्याच पंख्यावर फेरे दहा टक्के वाढले तर इंजिनाची ताकद तेहतीस टक्के वाढलेली असते, कारण ताकद फेऱ्यांच्या घनानं चढते. म्हणून आमचा ११ बाय ६चा पंखा स्टँडसाठी राखून ठेवलाय, तो विमानाला लावत नाही. वहीत फेऱ्यांशेजारी तापमान लिहितो. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंश असतात, मे महिन्यात बेचाळीस. तेवढ्यानं हवा आठ-नऊ टक्के विरळ होते. हिवाळ्यात लावलेली नीडल उन्हाळ्यात तशीच ठेवली तर इंधन जास्त होऊन इंजिन भरून चालतं, धूर टाकतं, आणि मुलांना वाटतं इंजिन बिघडलं. वही उघडली की शंका मिटते.

आमच्या काळ्या मातीची धूळ हा वेगळाच शत्रू. सुरू करण्याआधी ओट्याभोवती सडा टाकतो आणि ओली पोती अंथरतो, नाहीतर पंखा माती ओढून थेट कार्ब्युरेटरला खाऊ घालतो. आणि दोरी बांधलेली आहे, तिच्या पुढं कुणी यायचं नाही. अकरा इंची पंख्याच्या पात्याचं टोक बारा हजार फेऱ्यांना ताशी सव्वासहाशे किलोमीटरनं धावतं आणि फिरताना दिसत नाही. पंख्याच्या रेषेत बाजूला उभं राहायचं नाही, नीडल मागून फिरवायची, ओढणी-टॉवेल काढून ठेवायचा, डोळ्यांना चष्मा. ह्यात सूट नाही, गावातल्या मोठ्या माणसांनाही नाही. सरपंच आले तेव्हा तेही दोरीमागं उभे राहिले.

आता ओढ मोजायची आहे. मुलांनी ड्रॉवरची दोन स्टीलची चॅनेलं आणली आहेत. त्यांवर बैठक पुढे सरकेल आणि मागं बांधलेला ताणकाटा किलो दाखवेल. छेचाळीसनं अडीच ते तीन किलो ओढावं अशी माझी अपेक्षा आहे. वारा पडलेला असेल तेव्हाच तो आकडा धरायचा, म्हणजे आमच्याकडे भल्या पहाटे. चॅनेलच्या गोळ्यांत माती जाऊ नये म्हणून जाड कापडाचं आवरण शिवायला टाकलंय. ते आलं की सुरू करू.