आजीची हीर

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आजोळी, पळसदेवला जायचो. उजनीचं पाणी मागं सरलेलं असायचं. ज्या साली ते फारच आटायचं, त्या साली जुन्या गावातलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडायचं. आम्ही पोरं दिवसभर काठाला डुंबायचो. आजी मात्र कधी पाण्यात पाय घालायची नाही. लांबूनच ओरडायची, "लई आत जाऊ नका रं, तिथं आपली हीर हाय!" आम्हाला वाटायचं, उगं भ्या दाखवतीय.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा आईला आणि लेकीला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालता चालता आई एकदम थांबली. तिनं चपला काढल्या. समोर नुसते जोत्याचे दगड. "इथं चूल व्हती," म्हणाली. दहा पावलांवर खरंच विहीर होती, काठापर्यंत गाळानं भरलेली. धरण १९८० साली पुरं झालं. आम्ही सुट्ट्यांत पोहायचो ते आजीच्या घरावर.

लेकीनं विचारलं, "आज्जी, तू पाण्यात राहायचीस?"

"न्हाई गं," आई म्हणाली, "पानीच आमच्यात ऱ्हायला आलं."