बांधापलीकडचा दर

१. अमेरिकेत शेतीचं सरकारी अनुदान काउंटीच्या कचेरीतून मिळतं. कचेरीवर शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती असते: तीन ते अकरा सदस्य, टपालाने मतदान. म्हणजे शेजाऱ्याचा अर्ज शेजाऱ्यापुढेच.

२. १९३३. भाव कोसळलेले. सरकार म्हणालं: पीक मोडा, पैसे घ्या. सुमारे एक कोटी एकर उभ्या कापसावर नांगर फिरला. साठ लाख डुकरं सरकारने विकत घेऊन मारली.

३. त्या वेळचे कृषिमंत्री हेन्री वॉलेस. त्यांनीच १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती. एकरी उतारा वाढावा म्हणून.

४. पीक मोडण्याचा करार जमीनमालकाशी. वाटेकऱ्याचा हिस्सा मालकाने द्यायचा. पुष्कळांनी दिला नाही. लागवड घटवली, तसे वाटेकरीही घटवले. १९३४ मध्ये आर्कान्सॉतल्या टायरोंझा इथे काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना काढली.

५. आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये. सातबाऱ्यावर नाव हवं. मक्त्याने शेती करणाऱ्याचं नसतं.

६. अमेरिकेत 'बेस एकर' म्हणजे अनुदानासाठी पूर्वीच्या पेऱ्यावरून ठरलेलं क्षेत्र. आज तिथे काही पेरलंच पाहिजे असं नाही. टेक्सासात एल कॅम्पोच्या बाजूला भाताच्या जुन्या जमिनीवर बंगले उठले, अंगणातल्या हिरवळीला भाताचे पैसे येत राहिले. २००६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हिशेब मांडला: २००० पासून, शेती न करणाऱ्यांना किमान १३० कोटी डॉलर.

७. १९९६ च्या कायद्याने अनुदानं सात वर्षांत ओसरायची होती. १९९८ मध्ये भाव पडले. तातडीची मदत सुरू झाली. २००२ मध्ये नवा कायदा आला, अनुदानांसकट.

८. १९९९ ते २००५ या काळात मृतांच्या नावे अनुदानाचे ११० कोटी डॉलर गेले. नावं १,७२,८०१. रकमेतला ४० टक्के भाग, माणूस जाऊन तीन किंवा जास्त वर्षं झाल्यावरचा. वारसनोंद तिकडेही रेंगाळते.

९. २०१९. चीनशी व्यापारयुद्ध, शेतकऱ्यांना भरपाई. एकरी १५ ते १५० डॉलर. दर काउंटीगणिक वेगळा. सोयाबीन पेरलंत की मका, दर तोच. रस्त्यापलीकडे दुसरी काउंटी असेल, तर त्याच सोयाबीनला दर दुसरा.

१०. आणखी एक योजना काउंटीच्या सरासरीवर चालते. गारा फक्त तुमच्या शेतावर पडल्या, सरासरी शाबूत: काही नाही. सरासरी घसरली, तुमचं पीक झकास: पैसे.

११. आपल्याकडे पीकविम्यात काउंटीऐवजी महसूल मंडळ. 'उंबरठा उत्पन्न', म्हणजे मंडळाची सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई, हा शब्द पारावर सगळ्यांना पाठ.

१२. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. अमेरिकेने अनुदान थांबवलं नाही. २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूस संस्थेलाही वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देऊ केले. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवलं.

१३. भारत या दाव्यात वादी नव्हता.

१४. ऑगस्ट २०२५. भारताने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. विदर्भातली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते.