गिळलेला अ

दिघोरीच्या देवळात एकादशीला रात्री भजन बसायचं. पेटीवर मामा, आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून टाळ धरलेला मी, सात-आठ वर्षांचा. एकदा चरण संपता संपता मी 'राम्' म्हणून मोकळा झालो. मामांनी भाता थांबवला.

"अ कायला गिळतोस गा बाबू? मोज. सा भरत नाहीत."

मग बोटांच्या पेरांवर मोजणी. सहा, सहा, सहा, चार. मोठ्या अभंगाची ही अक्षरं मामांना पाठ होती, छंदशास्त्राचं पुस्तक मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ खाऊनच टाकतो. 'राम', 'देव', 'घर' हे शब्द तोंडातून अर्धेच बाहेर पडतात. अभंगात मात्र त्या अ ला स्वतःची जागा आहे. ती दिली नाही तर चरण लंगडतो आणि टाळ चुकीच्या ठिकाणी पडतो. हे मला त्या रात्री कळलं आणि पुढे शाळेत कोणी पुन्हा सांगितलं नाही.

दिवाळीनंतर धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. तिथला ऑर्गन दूरच्या बांधावरही ऐकू येई. पण मला ओढ होती ती मामांच्या ओसरीतल्या गाण्याची. भजन नसलं की ते भावगीतं बसवत. आमच्या विदर्भातल्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली, त्यातूनच ही वाट रुंदावली, हे ते अभिमानानं सांगत. गीतरामायणाची छप्पन्न गाणी त्यांच्या वहीत उतरवलेली होती. ज्या पेटीवर ते ती म्हणत, त्या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. त्याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. गाताना त्यांची पेटी गळ्याच्या मागे सावलीसारखी चाले. "पेटीनं मांगंच राहावं," असं ते म्हणत.

नोकरीसाठी पुण्यात गेलो तेव्हा संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकायला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी बजावलं की शब्दाच्या शेवटचा 'ई' लिहायचा, उच्चारायचा नाही. चंद्राला म्हणायचं 'ल्यून', तिथेच थांबायचं. काही महिन्यांनी त्यांनी एक कॅसेट लावली. व्हर्लेनची चांदण्यावरची कविता, गाब्रिएल फोरेनं १८८७ साली संगीत दिलेली. एक आवाज, एक पियानो. आणि गाणारीनं स्पष्ट म्हटलं, 'ल्यू-न'. शेवटचा न पूर्ण, मोकळा. मी न राहवून मध्येच विचारलं. बाई म्हणाल्या, फ्रेंच कविता अक्षरं मोजून चालते. बोलताना गिळलेला स्वर तिथे मोजला जातो, आणि गाण्यात तो ऐकूही येतो.

म्हणजे मामांनी भाता थांबवला होता तो याच कारणासाठी.

त्यानंतर अशी गाणी मी शोधून शोधून ऐकली. फ्रेंच माणसं त्यांना 'मेलोदी' म्हणतात. चांगल्या कवीची कविता, एक गळा आणि पियानो, बैठकीच्या खोलीत म्हणण्यासारखं. बेर्लिओझनं गोतिएच्या सहा कवितांना चाली दिल्या त्या १८४१ च्या सुमारास. आंरी द्युपार्कची गाणी उणीपुरी सतरा. १८८५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, आजारपणामुळे त्याचं लिहिणं थांबलं. पुढे तो १९३३ पर्यंत जगला. पण माझा जीव फोरेच्या त्या चांदण्यावर. पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये रोजची सेवा करणारा हा माणूस. त्याच्या गाण्यात पियानो आधी एकटाच एक जुना नाच वाजवत राहतो. गळा नंतर येतो, ओसरीवर गप्पा रंगलेल्या असाव्यात आणि कोणी हळूच येऊन बसावं तसा. पियानो त्याच्यासाठी थांबत नाही, त्याच्या मागेही जात नाही. आपल्या भावगीतात साथीला हे स्वातंत्र्य फार क्वचित मिळालं. कडव्यांच्या मधल्या जागा आपण सुंदर भरल्या, पण शब्द सुरू झाला की वाद्य मान खाली घालतं. इथे फ्रेंच आपल्या पुढे गेले आहेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि ती पेटीही मूळची त्यांचीच. अलेक्सांद्र दबँ यानं पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे आणून हाताशी दिला, तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि गावोगावच्या देवळांत पोचली.

एका उन्हाळ्यात ती कॅसेट मी दिघोरीला नेली. मामांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. ओसरीवर त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटं पेरांवर फिरत होती.

"भाषा नाही समजली गा," ते म्हणाले. "पण अ सोडला नाही तिनं." थोड्या वेळानं म्हणाले, "अन् पेटी मांगं नाही तिची. दोघंही गाऊन रायले."

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची पेटी देवळातच ठेवली आहे. भात्याचं कापड गेल्या वर्षी बदलून घेतलं. खर्जातला एक सूर अजून बोलत नाही. एकादशीला रात्री आठला भजन बसतं. या.