रूपाला फक्त तीन गुण

‘बिअर’ हा शब्द वाचून पान उलटायला निघाला असाल, तर मैत्रिणींनो, जरा थांबा. प्या म्हणून सांगायला मी बसलेले नाही. सांगायचंय ते पारखण्याबद्दल, आणि ते आपल्याला पुरुषांपेक्षा बरं जमतं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी सूनबाई अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असते. नोकरी सांभाळून ती बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझ्या माहेरी काका पीत. तो वास ओटीवर आला की आई आम्हां मुलींना आत घेऊन माजघराची कडी लावायची. तिकडे गेले तेव्हा सूनबाईने ग्लास पुढे केला नि म्हणाली, “आई, पिऊ नका. नुसता वास घ्या, कशाचा येतो ते सांगा.”

घेतला. भाजलेल्या पावाच्या कडेचा, मागून ओल्या गवताचा, किंचित लिंबाच्या सालीचा. काकांचा वास त्यात कुठेच नव्हता.

पिल्सनर ही जात मूळ बोहेमियातल्या प्ल्झेन गावची, 1842 सालची. ग्लासात होती ती मात्र अमेरिकन, डाउनिंगटाउनला 1996 मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टरी कारखान्याची ‘प्रिमा पिल्स’. नाचणीसत्वासाठी आपण नाचणीला आणतो तसे जवाला मोड आणून वाळवायचे, कडवटपणाला हॉप्सच्या वेलीची फुलं घालायची, आणि थंडीत कित्येक आठवडे मुरवायचं. मसाला नाही, फळ नाही. म्हणून दोष लपायला जागाच नाही. झणझणीत आमटीत डाळ जराशी लागलेली खपून जाते. साध्या वरणात खपेल का?

परीक्षकांचा तक्ता 50 गुणांचा. वासाला 12, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5, एकूण मताला 10 आणि रूपाला फक्त 3! आपल्याकडे मुलगी बघायला येणाऱ्यांच्या हाती हा तक्ता द्यायला हवा होता.

बर्फासारखी गार मात्र नको, गारव्यात वास मरतो. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळणं कमी पडलं समजायचं. लोण्याचा आला तर यीस्टला पुरता वेळ मिळाला नाही. दुसऱ्या एका हिरव्या बाटलीतली हुंगून मी म्हटलं, “हिला ऊन लागलंय गं, खिडकीत राहिलेल्या तेलासारखं.” सूनबाई बघतच राहिली. हॉप्सना उजेड सोसत नाही आणि हिरवी काच तो पुरता अडवत नाही, हे तिने मला नंतर सांगितलं.

‘प्रिमा’चे मी दोनच घोट घेतले. पहिल्याला जवाची गोडी, मग स्वच्छ कडू. मी 37 दिले, तिने 41. कडवटपणा शेवटी रेंगाळतो म्हणून मी कापले. ती म्हणते, पिल्सनरमध्ये तेच तर हवं. फोनवर आमचा वाद अजून चालू आहे.