खालांचं देणं

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराच्या अंगणात बोरीचं झाड आहे. पीरबाजाराकडून कुणी बाई वारल्याचा निरोप आला की वस्तीतल्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, आधी आमच्याकडे येत. आई काही न विचारता काठीने फांदी वाकवायची आणि पाला तोडून त्यांच्या पदरात घालायची. मय्यतीला नाहू घालायच्या पाण्यात बोरीचा पाला लागतो, हे मला शाळेत असतानाच ठाऊक झालं ते असं.

खाला गुस्ल द्यायच्या, म्हणजे मय्यतीला नाहू घालायच्या. त्यांचं घर शिलाई मशीनवर चालायचं, पण या कामाचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. त्याची रीत त्यांनीच मला सांगितली. आधी उजवं अंग, मग डावं. तीनदा पाणी, गरज पडली तर पाचदा, पण विषमच. शेवटच्या पाण्यात कापूर. बाईच्या केसांच्या तीन वेण्या. पुरुषाच्या कफनाला तीन कपडे, बाईच्या पाच. अंगावरची चादर काढायची नाही, हात तिच्याखालून फिरवायचा. मेलेल्याचं हाड मोडणं म्हणजे जिवंत माणसाचं मोडण्यासारखंच, असं त्यांच्यात मानतात. म्हणून पाणी कोमट आणि हात हलका. आत जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. हे काम वस्तीतल्या कुणीतरी केलं की सगळ्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो. कुणीच केलं नाही तर दोष सगळ्यांना. वस्ती मोजताना खालांनी आमची गल्ली कधी वगळली नाही.

पुढे एका पहाटे आई गेली. काकू आणि आत्या परभणीहून निघाल्या होत्या. शेजारच्या बायका आल्या, रडल्या, पण ओसरीतच थांबल्या. प्रेताला शिवलं की विटाळ, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं. पिढ्यान् पिढ्यांची भीती ती, त्यांना तरी काय बोलणार? मी बादली घेऊन आईजवळ बसले आणि हात उचलेना. तेवढ्यात खाला आल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. बाह्या वर सारल्या, बादलीत बोटं बुडवून पाहिली, थोडं गार पाणी ओतलं. मी आईचा खांदा चोळायला लागले तशा म्हणाल्या, “हौले बेटा, लगता उनकू.”

त्या एका वाक्याने आई पुन्हा माझी आई झाली. तोवर घरातले सगळे तिला ‘बॉडी’ म्हणू लागले होते.

मग त्यांनी विचारलं, “पत्ते डालूँ? तुम्हारे में चलते क्या?” मी वडिलांकडे पाहिलं. “घाल,” ते म्हणाले, “तिचंच झाड आहे.” आंघोळ झाल्यावर मळवट भरायची, हिरवं लुगडं नेसवायची वेळ आली, तशा खाला आपणहून भिंतीशी सरकल्या. तिथून पुढचं आमचं होतं.

प्रतापनगरच्या स्मशानभूमीतून माणसं परतली आणि सुतक सुरू झालं. दहा दिवस घरात आलेलं माणूस पाणीसुद्धा घेईना. खाला मात्र रोज संध्याकाळी यायच्या आणि चहा मागून घ्यायच्या. पहिले तीन दिवस मुगाच्या खिचडीचा डबाही त्यांच्याच घरून आला. त्यांच्यात तीन दिवस शेजाऱ्यांनीच जेवण पोचवायचं असतं. दहाव्याला पैठणला गोदाकाठी पिंडाला कावळा शिवला का, हे त्यांनी अगदी आपल्या घरच्यासारखं विचारलं.

त्यानंतर मी गुरुद्वाऱ्यातल्या अंतिम अरदासीला बसले आहे. पांढऱ्या कपड्यांत त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या बौद्ध घरांतही बसले आहे. तिथे पिंड नाही की कावळा नाही. शोकाला मुदत मात्र बहुतेकांनी घातलेली दिसते. खालांच्यात ती तीन दिवसांची, विधवेला चार महिने दहा दिवसांची. आमच्यात तेराव्यापर्यंत आणि मग वर्षश्राद्धापर्यंत. ही मुदत मला दयेची वाटते. शिवाशीव मात्र मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. शिवणाऱ्या हातांची तर कुणी आठवणही ठेवत नाही. आझमशहाची आई दिलरस बानू हिच्यासाठी बांधलेला आमच्या शहरातला बीबी का मकबरा पाहायला जगभरातून लोक येतात. १६५७ मध्ये गेलेल्या त्या बाईला ज्यांनी नाहू घातलं, त्या बायका मला तिथे गेलं की आठवतात.

मार्च २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या : कोरोनाने गेलेल्याला आंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही, हात न लावता पठण करायला, पाणी शिंपडायला हरकत नाही. संसर्गाची भीती खरी होती. पण त्या दिवसांत खालांचे हात मांडीवर नुसते पडून असायचे, ते मला बघवत नसे. आईला नाहू घालता आलं नाही म्हणून रडणाऱ्या मुलींना त्या फोनवर सांगायच्या, “वबा में गए सो शहीद होते, बेटा.” साथीत गेलेला शहीदच.

साथ ओसरल्यावर खाला गेल्या. सुनांनी मला आत बोलावलं. पाला मीच नेला होता. मी फक्त तांब्याने पाणी ओतलं. त्यांच्यात बायका सहसा कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून दारापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जियारतच्या दुआला गेले.

आता गल्लीत कुणी बाई गेली की मला बोलावतात, मग घर कुठल्याही जातीचं असो. अलीकडे लोक दवाखान्यातूनच सगळं उरकून आणतात किंवा घरी शवपेटी मागवतात, आणि मुली दाराशी उभ्या राहतात. मी त्यांना हाताला धरून आत घेते. दोघीजणी हे काम शिकल्या आहेत. एक खालांची नात आहे, दुसरी माझी भाची.