गोडं पाणी

माझ्या भाच्यानं मर्सिडीज घेतली. ही बातमी आमच्या मालवणच्या घरी आली ती पेढ्यांच्या पुड्याबरोबर नव्हे, तर टेलिफोनवरून आणि तीही एका प्रश्नाच्या रूपानं. "मामा, दिवाळीला गाडी घेऊन गावी येतोय. पण समुद्राच्या एवढ्या जवळ ठेवायची म्हणजे भीती वाटते. पॉलिश कुठलं वापरू?"

मी त्याला म्हटलं, "पॉलिशचं राहू दे. तुझ्या आजीच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, ते पुरे."

त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं थट्टा केली. मी थट्टा केली नव्हती. पण टेलिफोनवर सगळंच काही बोलता येत नाही. म्हणून जे त्याला सांगायचं राहिलं ते इथं लिहितो आहे. ज्यांच्या घरी अशी भारी मोलाची गाडी आहे त्यांना त्यातलं थोडं उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी नाही त्यांनी फराळ करता करता वाचावं, त्यांचं काही नुकसान होणार नाही.

या विषयात आमच्या घराण्यात माझा शब्द प्रमाण मानतात. त्याला कारणं दोन. एक म्हणजे माझ्या वडिलांकडं मर्सिडीज होती आणि ती आजही आमच्या मांगरात उभी आहे. दुसरं कारण म्हणजे आंबोली घाटातला माझा पराक्रम. पहिलं कारण खरं आहे. दुसऱ्याबद्दल शेवटी सांगेन.

बाबा डॉक्टर. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी पणजीच्या एका गृहस्थाकडून त्यांनी ही गाडी घेतली. गाडी १९५८ सालची, १८० डी. नावात 'डी' आहे तो डिझेलचा. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. इंजिनाची ताकद अवघी चाळीसच्या आसपास अश्वांची, आणि तेही अश्व सकाळी लवकर उठायला तयार नसत. चालू करण्याआधी आतल्या तारा तापून लाल व्हाव्या लागत. तेवढ्या वेळात बाबा चहाचा उरलेला घोट संपवीत. पण एकदा उठली की ती गाडी रोग्याच्या दारात नेऊन सोडल्याशिवाय थांबत नसे.

गाडीच्या नाकावरची चांदणी आमच्या गावाला नवी नव्हती. टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला होता आणि १९६९ पर्यंत टाटांच्या मालमोटारींवर हीच तीन टोकांची चांदणी झळकत असे. घाट उतरून येणाऱ्या ट्रकांवर ती सर्वांनी पाहिली होती. त्यामुळं बाबांची गाडी पाहून आमच्या शेजाऱ्यांनी "ही ट्रकाची धाकटी भैण दिसता" असा निकाल दिला. पुढं १९९४ साली मर्सिडीजनं पुण्यात स्वतःचं बस्तान बसवलं. भाच्याची गाडी चाकणच्या कारखान्यातली. म्हणजे आता ती लांबून आलेली पाहुणी राहिली नाही, घाटावरची सून झाली. तरी सून घाटावरची असली, म्हणजे समुद्राची हवा तिला मानवेपर्यंत जपावं लागतंच.

आता समुद्राची हवा म्हणजे काय, ते सांगतो. मुंबईचा माणूस पावसाला भितो. खरी भीती पावसाची नाही. पावसाचं पाणी पडतं आणि वाहून जातं. खारं वारं येतं आणि बसून राहतं. लाटा फुटतात तेव्हा मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्यावर चढतात, आणि मिठाचा गुण तुम्हा-आम्हा सर्वांना बरणीत दिसतो: ते हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळं कडक उन्हाळ्यातही इथल्या पत्र्यावर डोळ्याला न दिसणारा ओलावा असतो. त्यात जांभ्याची तांबडी धूळ मिसळली की चाकांच्या वर, पत्र्याच्या आतल्या वळचणीत, खाऱ्या चिखलाचे गोळे तयार होतात. ते वर्षभर ओलेच राहतात आणि आतून पत्रा खातात.

जुन्या मोटारींना खाली वेगळा लोखंडी सांगाडा असे आणि वर अंग बसवलेलं असे. मर्सिडीजनं १९५३ पासून या जातीच्या गाडीत सांगाडा आणि अंग एकच केलं. आज बहुतेक मोटारी तशाच असतात. याचा अर्थ असा की दाराखालच्या पोकळ पट्टीला गंज लागला, तर घराचं रंगकाम बिघडलं असं समजू नये. घराची भिंत खचते आहे असं समजावं.

यावर उपाय आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर रोज चाललेला दिसतो. होडी परत आली की मच्छीमार होडीवरचं इंजिन गोड्या पाण्यानं धुऊन काढतो. मगच तो जेवायला घरी जातो. गाडी समुद्रावरून आली की तिचंही तेच करावं. वरून एक बादली पुरे, पण खालून मात्र दोन. लोक उलट करतात. वर तीन बादल्या ओततात, कारण वरचा भाग शेजाऱ्यांना दिसतो.

पाणी मात्र पारखून घ्यावं. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. माझ्या आईची कसोटी सोपी होती. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते गाडीवर ओतू नये. रेडिएटरमध्ये तर विहिरीचं कसलंच पाणी घालू नये. तिथं शुद्ध केलेलं पाणी आणि गंजरोधक द्रव, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात.

दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून निघून जायचं असतं. ती मातीनं बुजतात आणि दार म्हणजे पाण्याचा हंडा होतो. त्यावर परदेशी हत्यार लागत नाही. माडाच्या झावळीचा एक हीर घ्यावा आणि प्रत्येक भोकात हळूच फिरवावा.

गाडीवर मेणकापडाचं आच्छादन घालू नये. आत दमट हवा कोंडते आणि मग बाहेर पाऊस नसला तरी आत श्रावण सुरू होतो. छपराखाली, वारा खेळेल अशी उभी करावी. माडाखाली नको. माड कुणावर नारळ टाकत नाही म्हणतात, पण माडाला माणसं ओळखता येतात, मर्सिडीज ओळखता येत नाही.

बाजारातून सुरमई आणाल तर ती पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या. बर्फ वितळून माशाचं खारं पाणी डिकीच्या तळाशी उतरलं की त्याचा वास जायला एक वर्ष लागतं, आणि वास गेल्यावर तिथं गंज भेटतो. हे मी अनुभवानं सांगतो. तो बाबांच्या वाढदिवसाचा बाजार होता.

भाच्याच्या गाडीत आणखी एक जबाबदारी आहे. तिच्यात तारा फार. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनाजवळ येतात आणि तारा कुरतडतात. तेव्हा गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवू नये. वातानुकूलनाची जाळी अगदी पुढं असते. खारं वारं आधी तिलाच भेटतं. तिला अधूनमधून हलक्या धारेनं गोडं पाणी दाखवावं. जोराच्या फवाऱ्यानं मात्र नाही, तिची पातळ पानं वाकतात. आणि तारकर्लीच्या ओल्या वाळूत गाडी घालून फोटो काढायचा मोह झाला, तर फोटो होडीबरोबर काढावा.

एवढं सगळं मी नीट करीत होतो. बाबांचे डोळे अधू झाल्यावर गाडी माझ्याकडं आली आणि मी तिला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपली. बाबांची एक वही होती. प्रत्येक दुरुस्ती, तारीख, खर्च, सारं त्यांच्या डॉक्टरी अक्षरात. त्यानंतरच्या पानांवर माझं अक्षर आहे. पॉलिश. मेण. कापूस. नवी पायपुसणी. पुन्हा पॉलिश.

१९८९ च्या मे महिन्यात आम्ही बेळगावहून लग्न आटपून परत येत होतो. पुढं बाबा, मागं आई आणि धाकटी बहीण, तिच्या मांडीवर दोन वर्षांचा मुलगा. आंबोली सोडून घाट उतरायला लागलो. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा बाबांचा नियम. पण बाबांना झोप लागली होती आणि मला घरी पोचायची घाई होती. वरच्याच गिअरात, ब्रेकवर पाय ठेवून मी गाडी सोडली. सहा-सात वळणं झाली आणि पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते तळाला गेलं, जणू खाली काही नव्हतंच.

त्या क्षणी काय केलं ते मला नीट आठवत नाही. गिअर खाली ओढला, हातब्रेक ओढला आणि दरीकडं न पाहता दरडीकडचं चाक गटारात घातलं. पत्रा खडकावर घासत गेला आणि गाडी थांबली. मागं लाडवांचा डबा फुटला होता. भाचा लाडू खात होता.

अर्ध्या तासानं पेडल पुन्हा कठीण झालं. आम्ही मुंगीच्या पावलानं सावंतवाडीला पोचलो. आईनं तिथंच नारळ फोडला. बाबांनी घरी आल्यावर आपलं मनगटी घड्याळ सोडून माझ्या हाताला बांधलं. "पोरानं पाच जीव वाचवले," हे वाक्य आमच्या घरात तेव्हापासून दर लग्नाकार्यात निघतं. भाचा ते ऐकत मोठा झाला.

तिसऱ्या दिवशी कुडाळहून बाबांचे जुने मिस्त्री आले. चाकामागचा छोटा स्क्रू सैल करून त्यांनी थोडं तेल काचेच्या ग्लासात काढलं. नवं तेल मधासारखं पिवळसर असतं. हे कोऱ्या चहासारखं काळं होतं. त्यांनी ग्लास माझ्यापुढं धरला आणि हळू आवाजात विचारलं, "ह्या कधी बदललास?"

मी वही आणली. ब्रेकच्या तेलाची शेवटची नोंद बाबांच्या अक्षरात होती. सात वर्षांपूर्वीची.

मिस्त्रींनी तेव्हा मला जे समजावलं ते प्रत्येक मालकानं ऐकावं असं आहे. ब्रेकचं तेलही मिठासारखंच, हवेतलं पाणी ओढून घेतं. डबीवर 'डॉट ३' लिहिलेलं तेल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात शंभर भागांस सुमारे पावणेचार भाग पाणी शिरलं की ती मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापतात, तेल उकळतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय तळाला जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. थंड झालं की वाफ मोडते आणि पेडल परत येतं. आईनं ज्याला कृपा म्हटलं ती ही. म्हणून तेल दोन वर्षांनी बदलावंच. आमच्या दमट किनाऱ्यावर मी तर दर वर्षी बदलतो. जात कुठली ते पुस्तकात पाहावं, आणि डबी उघडी ठेवून उरलेलं पुढच्या वर्षी वापरू नये. या सगळ्याला माझ्या एका महिन्याच्या पॉलिशपेक्षा कमी खर्च होता.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "भायरसून लखलखता, भितूर मात्र कोणी बघूक नाय." आणि ग्लास परसात नेऊन रिकामा केला. ओटीवर बाबा बसले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं, मिस्त्री?" मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "जुनी गाडी, डॉक्टरांनू. होता तसा कधीतरी."

बाबा गेले, आई गेली, मिस्त्रीही गेले. घड्याळ माझ्या हाताला आहे. दर वर्षी ब्रेकचं तेल बदलतो तेव्हा ते सोडून बाजूला ठेवतो. तेल लागू नये म्हणून, असं घरात सांगतो.

माझी बहीण दरवर्षी हा अंक मागवते आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचते. तेव्हा बाई, चकलीचा घास आधी गिळून घे. त्या दिवशी मी तुम्हाला वाचवलं हे खरं. पण तुम्हाला त्या कड्यापर्यंत नेलंही मीच. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण चमकत्या पत्र्याची सवय माणसालाही होते.

भाचा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोचेल. पहाटे अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडून झालं, पोहे खाऊन झाले की मी त्याला विहिरीवर नेणार आहे. दोन बादल्या खालून, एक वरून. मग बाबांची वही त्याच्या हाती देईन. सगळी पानं, माझ्या अक्षरातलीसुद्धा. गाडीची किंमत मी विचारणार नाही. वापरलेल्या गाडीला वर्षं विचारावी लागतात, नव्या गाडीला विचारण्यासारखं फार नसतं. पण दोन वर्षांनी तो पुन्हा दिवाळीला येईल तेव्हा, पायरीवर पाय ठेवायच्या आत, मी एकच गोष्ट विचारणार आहे: "ह्या कधी बदललंस?"