नाव ठेवताना जरा जपून

लग्नात "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून नवरीला भंडावून सोडतात ना, तशी वेळ माझ्यावर ऑफिसात रोज येते. फरक इतकाच, की मला नाव घ्यायचं नसतं, ठेवायचं असतं.. डेटाबेसमधल्या टेबलांना आणि कॉलमना. आता नावं ठेवण्यात आपण मंडळी तशी पटाईत, पण इथे जपून राहावं लागतं.

घरच्या वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते. डेटाबेसशी एसक्यूएल भाषेत बोलतात. सिलेक्ट, ऑर्डर, ग्रुप असे काही शब्द या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेत. दुकानाच्या ऑर्डरींच्या टेबलाला सरळ 'ऑर्डर' नाव दिलं, की डेटाबेसला वाटतं क्रम लावायचा हुकूम आला. मग तो अडखळतो आणि एरर देतो.

उपाय आहे. नाव अवतरणात घालायचं. प्रमाण एसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरणचिन्हं, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, उखाण्यात मात्र चालायचं, तसंच हे! पण उखाणा सणासमारंभापुरता. अवतरण प्रत्येक क्वेरीत हवं.

आणि एरर आली तर नशीबच म्हणायचं. पोस्टग्रेसमध्ये 'युजर' नावाच्या टेबलातलं सगळं अवतरणाशिवाय मागितलं, तर एरर येतच नाही. डेटाबेसमध्ये आपण ज्या नावाने शिरलो, ते एकच नाव परत येतं. टेबलात हजार ग्राहक असोत, समोर एकच ओळ!

बरं, ही राखीव शब्दांची यादी वाढत जाते. २०१८ साली मायएसक्यूएल ८.० आलं आणि 'रँक' राखीव झाला. एका क्लासच्या निकालाच्या टेबलात 'रँक' कॉलम वर्षानुवर्षं सुखाने नांदत होता. आवृत्ती बदलली आणि निकालाचं पान बंद. पालकांचे फोनवर फोन! ज्याने नाव ठेवलं त्याला तरी काय बोलणार? तेव्हा तो शब्द मोकळाच होता. 'ग्रुप' नको म्हणून कुणी शहाणपणाने 'ग्रुप्स' केलं असेल, तर तोही शब्द ८.० ने घेतला.

म्हणून मी शक्यतो दोन शब्दांचं नाव ठेवते. 'एक्झाम_रँक', 'कस्टमर_ऑर्डर'. राखीव शब्दाशी गाठ पडायची शक्यता कमी, आणि नाव वाचूनच कशाबद्दल आहे ते कळतं. तरी नव्या आवृत्तीवर जाण्याआधी तिची यादी बघतेच.

परवा टीममधल्या नव्या मुलाने विक्रीच्या चौकशांसाठी 'लीड' नावाचं टेबल केलं. 'लीड'ही ८.० च्या त्याच यादीतला. म्हटलं, 'सेल्स_लीड' कर.

"अहो मॅडम, बॅकटिक टाकलंय की!"

"तू टाकलंस रे बाबा. तुझ्यानंतर येणारा टाकेल का?"

क्षणभर गप्प बसला आणि मुकाट्याने नाव बदललं.